कावळा, फांदी आणि तुंबलेला बोका

२०२२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका मोठ्या नियतकालिकात एक पेपर छापून आला. लघवी तुंबली म्हणून दवाखान्यात आणलेल्या ३८८ बोक्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. प्रश्न साधा होता: नळी घालून लघवी मोकळी केल्यावर प्राझोसिन नावाची गोळी दिली तर पुन्हा तुंबण्याचं प्रमाण कमी होतं का? प्राझोसिन हे मुळात माणसांच्या रक्तदाबावरचं औषध. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होणाऱ्या पुरुषांनाही देतात. तेव्हा बोक्यांनाही ते सर्रास दिलं जात होतं. उत्तर उलटं आलं. ज्यांना गोळी दिली होती, त्या बोक्यांची लघवी पुन्हा तुंबण्याचं प्रमाण जास्त निघालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काही बग असे असतात की ते आपोआप येतात आणि आपोआप जातात. सोमवारी सर्व्हर अडकतो, कुणीतरी एक सेटिंग बदलतं, मंगळवारी सगळं सुरळीत. मग ते सेटिंग कायमचं कोडमध्ये जाऊन बसतं, आणि पाच वर्षांनी ते काढायची कुणाची हिंमत होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जातं. बोक्याच्या लघवीच्या आजाराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. एका फांदीवर किती कावळे बसून गेले!

आधी प्लंबिंग समजून घेऊ. मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले. उंदीर-पाखरं खायची आणि त्यांच्या मांसातल्या पाण्यावरच बरंचसं भागवायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे मांजराची तहान मंद आणि लघवी भलतीच दाट. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, पण बोक्याचा लांब, आणि टोकाला निमुळता होत होत एक मिलिमीटरहूनही बारीक. मूत्राशयाला सूज आली, त्यातून चिकट स्राव सुटला, त्यात बारीक स्फटिक मिसळले, की ओल्या वाळूसारखा बुच तयार होतो आणि तो नेमका ह्या टोकाशी अडकतो. कधी बुचही नसतो, नुसता मूत्रमार्ग आकसून घट्ट मिटतो. मग बोका लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि थेंबभरही होत नाही. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालंय. रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. तुमच्याकडे बोका असेल तर हा परिच्छेद वाचून बाकीचा लेख सोडलात तरी चालेल. बोका लघवीसाठी जोर करतोय आणि काही होत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तेव्हाच डॉक्टर गाठायचा.

हा आजार नवा नाही. १९२५ मध्ये लंडनहून हॅमिल्टन कर्क यांचं मांजरांच्या रोगांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं, त्यात बोक्यांच्या तुंबलेल्या लघवीचं वर्णन आहे. पण पशुवैद्यकांचं खरं काम तेव्हा घोडे, गाई आणि फार तर कुत्रे यांच्यावर. मांजर आजारी पडायचं, कुठेतरी अडगळीत जाऊन मरायचं, आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

पत्ता लागायला लागला तो मांजर घरात आल्यावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्याची टंचाई झाली, त्यामुळे डबाबंद प्राणिखाद्य मागे पडून कोरडं खाद्य पुढे आलं. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एड लो याने शोषक मातीच्या दाण्यांच्या पिशव्या 'किटी लिटर' म्हणून विकायला काढल्या. ह्या दोन गोष्टींनी मांजराचं आयुष्य पालटलं. बाहेर जायची गरज संपली, शिकार संपली, आणि ताटात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असलेले कुरकुरीत दाणे आले. उंदरात सत्तर टक्के पाणी असतं. शिवाय लघवी आता घरातल्याच खोक्यात होत असल्यामुळे तीत रक्त दिसलं की मालकिणीला लगेच कळायला लागलं. आजार वाढला की दिसायला लागला, ह्याचं उत्तर बहुधा 'दोन्ही'.

१९७० मध्ये ऑस्बाल्डिस्टन आणि टॉसिग यांनी ४६ मांजरांवर एक लेख लिहिला आणि ह्या प्रकाराला नाव दिलं: 'फेलाइन युरॉलॉजिकल सिंड्रोम'. नाव मिळालं की निदान झाल्यासारखं वाटतं. खरं तर हे नाव म्हणजे 'समथिंग वेंट राँग' असा एरर मेसेज होता. रक्त, कळ, वारंवार थेंब थेंब लघवी, तुंबणं, सगळं एका पोत्यात. पण एका नावाचा एक आजार म्हटला की त्याचं एक कारण आणि एक औषध असणार, असं गृहीत धरलं गेलं आणि शोध सुरू झाला.

त्या काळात दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी आज वाचवत नाही. माणसांच्या लघवीच्या जळजळीवर तेव्हा मिथिलीन ब्लू असलेल्या गोळ्या चालत. हा निळा रंग जंतुनाशक म्हणून जुना आणि नावाजलेला, पॉल एरलिखने १८९१ मध्ये मलेरियावर वापरून पाहिलेला. माणसाला चालतं तर मांजराला का नाही? कारण मांजराचं हिमोग्लोबिन वेगळं आहे. त्याच्या एका रेणूवर गंधकाचे आठ नाजूक गट असतात, माणसाच्या हिमोग्लोबिनवर असे दोनच. ऑक्सिडेशन करणारं काहीही पोटात गेलं की ते बिघडतं, लाल पेशींत गोळे धरतात आणि पेशी फुटतात. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेख्टर, शाल्म आणि कानेको यांनी दाखवून दिलं की मिथिलीन ब्लू असलेल्या ह्या मूत्र-जंतुनाशकांनी मांजरांना जीवघेणा अ‍ॅनिमिया होतोय. साध्या पॅरासिटामॉलने मांजर मरतं, त्यातही ह्याच नाजूक हिमोग्लोबिनचा मोठा वाटा आहे.

आणि गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की मारायला जंतू बहुतेकदा नव्हतेच. माणसांत आणि कुत्र्यांत मूत्रमार्गाचा त्रास म्हटला की जंतुसंसर्ग आठवतो. तरुण बोक्यांची लघवी तपासली तर ती बहुतेक वेळा निर्जंतुक निघते. हे १९७०च्या आसपासच लिहिलं गेलं होतं. तरी अँटिबायोटिक चालूच राहिलं, आजही चालू आहे. आमच्या बोक्याच्या लघवीत दोन वर्षांपूर्वी रक्त दिसलं, तेव्हा कल्चर रिपोर्ट 'नो ग्रोथ' आला आणि त्याच कागदाला टाचून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळाली. सहाव्या दिवशी बोका ठणठणीत. कावळा, फांदी.

मग संशयितांची रांग लागली. लहानपणी नसबंदी केल्यामुळे मूत्रमार्ग अरुंद राहतो, असं बरेच जण सांगत. १९७२ मध्ये मोजमाप झालं आणि तसं काही आढळलं नाही. कॉर्नेल विद्यापीठात कॅथरिन फॅब्रिकंट यांना वाटत होतं की हे विषाणूचं काम आहे. आजारी बोक्यांकडून मिळालेला एक हर्पिस विषाणू काचेतल्या पेशींना लावला, तर त्या पेशींत स्फटिक तयार होताना दिसले. पुढे तो विषाणू मांजरांच्या आजाराचं सर्वसाधारण कारण म्हणून टिकला नाही. पण ते स्फटिक कोलेस्टेरॉलचे आहेत हे बघून फॅब्रिकंट यांनी पती ज्युलियस यांच्यासोबत मोर्चा कोंबड्यांकडे वळवला, आणि १९७८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की मॅरेक्सच्या विषाणूने कोंबड्यांच्या रक्तवाहिन्यांत माणसांसारखे थर साचतात. बोक्याची लघवी तपासता तपासता हृदयविकारापर्यंत पोचलेला हा धागा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे सोडतो.

मुख्य संशयित होता तो स्फटिकच. बुचात सापडणारा खडा स्ट्रुवाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. ह्या खनिजाला नाव मिळालं १८४५ मध्ये, हॅम्बुर्गमध्ये सेंट निकोलस चर्चच्या पायाचं खोदकाम चाललेलं असताना. तिथे मिळालेल्या स्फटिकांना उलेक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने फॉन स्ट्रूव्ह यांचं नाव दिलं. मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट: तिघांपैकी एकाला आवरलं की झालं. कोलोरॅडोतल्या लुइस, चाऊ आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात मांजरांच्या खाण्यात नेहमीच्या कितीतरी पट मॅग्नेशियम घातलं आणि मूत्रमार्ग तुंबवून दाखवले. खाद्याच्या पिशव्यांवर 'लो मॅग्नेशियम' झळकायला लागलं.

इथे टोनी बफिंग्टन यांचा प्रवेश होतो, आणि माझ्या मते ह्या सगळ्या कथेतला सर्वांत स्वच्छ प्रयोग इथेच आहे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजरांना मॅग्नेशियम दोन रूपांत दिलं, एकदा ऑक्साइड म्हणून आणि एकदा क्लोराइड म्हणून. ऑक्साइडने लघवी अल्कधर्मी होते आणि स्फटिक धरतात. क्लोराइडने ती आम्ल राहते आणि मॅग्नेशियम तेवढंच असूनही स्फटिक धरत नाहीत. म्हणजे मॅग्नेशियमपेक्षा लघवीचा पीएच महत्त्वाचा. आधीच्या प्रयोगांत दोन्ही गोष्टी एकदम बदलत होत्या आणि दोष एकीलाच लागला होता. ज्याने कधी एकाच रिलीझमध्ये दोन बदल ढकलून मग कारण शोधलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता औषध सोपं झालं: लघवी आम्ल करा. त्यासाठी अमोनियम क्लोराइड आणि मिथिओनिन. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात भुरभुरतो आणि पांढरा धूर निघतो तोच. १९८४ मध्ये त्याच्या उपयोगावर अभ्यास प्रसिद्ध झाला. थोड्याच दिवसांत वेगळ्या गोळीची गरज उरली नाही, कारण आम्लता खाद्यातच आली. मूत्राशयात स्ट्रुवाइटचा खडा असलेल्या मांजराचा खडा नुसत्या खाण्याने काही आठवड्यांत विरघळायला लागला, ऑपरेशन टळलं. हे खरं यश होतं आणि ते मान्य करायला हवं.

पण हे औषध आता आजारी मांजरापुरतं राहिलं नाही, दुकानातल्या साध्या खाद्यातही शिरलं. मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बॉर्न यांनी १९८१ मध्ये मुतखडे तपासण्याचं केंद्र सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी ७८ टक्के स्ट्रुवाइटचे होते आणि जेमतेम २ टक्के कॅल्शियम ऑक्झलेटचे. शतक संपेपर्यंत ऑक्झलेट स्ट्रुवाइटच्या पुढे निघून गेलं. शरीरात आम्लता वाढली की हाडांतून कॅल्शियम सुटून लघवीत उतरतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. ऑक्झलेट खाण्याने विरघळत नाही, तो खडा कापूनच काढावा लागतो. शिवाय काही मांजरांचं पोटॅशियम इतकं खाली गेलं की मान उचलेना. आगीतून फुफाट्यात. (एक खोच मात्र लक्षात ठेवायची: प्रयोगशाळेत पोचतात ते काढलेले खडे. जे स्ट्रुवाइट खाण्यानेच विरघळलं, ते मोजायला उरतंच कुठे? त्यामुळे वाढ खरी असली तरी आकडा फुगलेला असू शकतो.)

ऑस्बॉर्न यांनीच १९८४ मध्ये त्या जुन्या पोत्याचं तोंड सोडलं. सिंड्रोम-बिंड्रोम म्हणू नका, हे अनेक कारणांनी होणारे वेगवेगळे आजार आहेत, कारण सापडलं तर कारणाचं नाव लिहा, असा त्यांचा आग्रह. मग तपासण्या नीट व्हायला लागल्या आणि एक अडचणीची गोष्ट उघड झाली. निम्म्याहून जास्त मांजरांत कारण सापडतच नव्हतं. ना खडा, ना जंतू, ना गाठ. नुसतं सुजलेलं मूत्राशय. आणि मूत्रमार्ग तुंबला नसेल तर बहुतेक मांजरं आठवडाभरात आपोआप बरी होत होती.

ह्या शेवटच्या वाक्याने सगळा हिशोब बदलतो. सात दिवसांत आपोआप जाणाऱ्या आजारावर पाच दिवसांचं कुठलंही औषध गुणकारीच ठरणार. ऑस्बॉर्न यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रेडनिसोलोनची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. सुजेवर स्टेरॉइड, तर्क अगदी सरळ. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, कुणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. दोन्ही गटांतली मांजरं सारख्याच वेगाने बरी झाली.

बफिंग्टन एव्हाना ओहायो स्टेट विद्यापीठात गेले होते. ज्या मांजरांचा त्रास जात नाही, परत परत येतो, ती त्यांच्याकडे यायची. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने अशा १५ मांजरांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे माणसांच्या नैराश्यावरचं जुनं औषध वर्षभर दिलं. ९ मांजरं सुधारली. ती सुस्त झाली, लठ्ठ झाली, अंग चाटेनाशी झाली, पण लघवीचा त्रास कमी झाला. तुलनेला औषध न दिलेला गट मात्र नव्हता. २००३ मध्ये दोन वेगळ्या गटांनी खोट्या गोळीशी तुलना करून आठवडाभराचा कोर्स तपासला आणि काही फायदा दिसला नाही. जुनाट दुखण्यावर महिनोन्‌महिने देणं वेगळं आणि कळ आली म्हणून सात दिवस देणं वेगळं, हे खरं. पण दवाखान्यात ते दुसऱ्या पद्धतीनेच जास्त दिलं जायचं.

मला सर्वांत आवडलेली चाचणी एडिनबराची आहे. डॅनिएल गन-मूर आणि शेनॉय यांनी २००४ मध्ये ४० मांजरांवर ग्लुकोसामाइन तपासलं. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराची डागडुजी होईल, ही कल्पना. सहा महिन्यांनी खरं औषध आणि खोटं औषध यांत फरक नाही. इथवर नेहमीचंच. पण दोन्ही गट आधीपेक्षा बरेच सुधारले होते! का? लघवी तपासली तर ती आधीपेक्षा पातळ झालेली. चाचणी सुरू करताना मालकांना सांगितलं होतं की जमल्यास ओलं खाणं द्या. त्यांनी ते ऐकलं होतं. कॅप्सूलच्या आत काय आहे ह्यावर सगळ्यांचं लक्ष, आणि काम करत होतं बहुधा ताटलीतलं पाणी. १९९९ च्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: एकाच प्रकारचं खाद्य, एका गटाला डबाबंद ओलं, दुसऱ्याला कोरडं. वर्षभरात ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना.

बफिंग्टन ह्यापुढे मूत्राशय सोडून घराकडेच बघायला लागले. २००६ मध्ये त्यांनी ४६ मांजरांच्या घरांत बदल सुचवले: लपायला जागा, चढायला उंच फळी, स्वच्छ आणि पुरेसे लिटर बॉक्स, दुसऱ्या मांजराशी भांडण होणार नाही अशी वेगळी ताटली, मालकाचा थोडा वेळ. बहुतेकांचा त्रास कमी झाला. इथेही तुलनेचा गट नव्हता, आणि आवडत्या निष्कर्षाला आपण ही सूट देऊन टाकू नये. २०११ मध्ये त्यांनी ह्या सगळ्याला 'पँडोरा सिंड्रोम' म्हणावं असं सुचवलं. त्यांचं म्हणणं असं की ह्या मांजरांची ताण झेलणारी यंत्रणाच बिघडलेली असते, लघवी हे तिचं फक्त एक लक्षण.

औषधांचा काहीच उपयोग नाही असा अर्थ कुणी काढू नये. पोटॅशियम चढून हृदय अडखळायला लागलं की शिरेतून दिलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट काही मिनिटांत काम करतं. तिथे कावळा-फांदी काही नाही, ईसीजीवर दिसतं. आणि वेदनाशामकांचं एक वेगळंच प्रकरण आहे. नळी घालून दोन-तीन दिवस भरती ठेवणं महाग. ज्यांना परवडत नाही ते कुठल्याही देशात असोत, त्यांच्यासमोर डॉक्टर शेवटी 'झोपवण्याचा' पर्याय ठेवतात. अशाच, म्हणजे नेहमीचे उपचार मालकांनी नाकारलेल्या १५ बोक्यांवर ओहायो स्टेटमधल्या एडवर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळी घालायची नाही. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन, गुंगीसाठी एसप्रोमाझिन आणि मेडेटोमिडिन, गरज पडली तर पोटातून सुईने लघवी काढायची, आणि बोक्याला अंधाऱ्या, शांत खोलीत एकटं सोडायचं. कुत्री नाहीत, भुंकणं नाही. १५ पैकी ११ बोक्यांनी तीन दिवसांच्या आत आपली आपण लघवी केली. उरलेल्या चौघांना वाचवता आलं नाही. रक्तातले दोष फार वाढलेले बोके त्यात मुळात घेतले नव्हते, त्यामुळे हा नळीला पर्याय नाही. पण ज्याच्यासमोर फक्त इंजेक्शन होतं, त्याच्यासाठी ११ हा आकडा फार मोठा आहे.

प्राझोसिनचा तर्कही ह्याच आकसण्यावर उभा होता. मूत्रमार्गाचे स्नायू सैल झाले तर लघवी तुंबणार नाही. २०१३ मध्ये १९२ बोक्यांच्या नोंदींवरून दिसलं की आधीच्या फेनॉक्सिबेन्झामिनपेक्षा प्राझोसिन बरं. दोन औषधांची तुलना झाली, औषधच न दिलेल्यांशी झाली नाही. तेवढ्यावर गोळी रुळली. २०१७ मध्ये खोट्या गोळीशी गाठ घालून दिली तेव्हा फरक दिसेना, आणि मग ते ३८८ बोके. नोंदी मागे जाऊन चाळलेल्या असल्यामुळे जास्त आजारी बोक्यांनाच गोळी दिली गेली असेल, ही शंका तिथे उरतेच. पण शरीररचनेची पाठ्यपुस्तकं एक गोष्ट आधीपासून सांगत होती. प्राझोसिन सैल करतं ते अनैच्छिक स्नायू. बोक्याच्या मूत्रमार्गात ते मुख्यतः मूत्राशयाजवळ असतात. बुच अडकतो त्या टोकाच्या भागात वेढा असतो तो दुसऱ्या जातीच्या, ऐच्छिक स्नायूंचा. त्यांच्यावर ह्या गोळीचा काही परिणाम होत नाही.